झोपेचं काम ओटीचंच आहे

नवीन कोणाशी ओळख झाली की माझं काम समजावून सांगायला मला दोन टप्पे लागतात. पहिला टप्पा, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (थोडक्यात ओटी) आहे. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, म्हणजे फिजिओ का? मग मी सांगते की फिजिओ वेगळं, आम्ही आजारपणानंतर माणूस आपली रोजची कामं परत कशी करेल ते बघतो, अंघोळ, कपडे, स्वयंपाक, ऑफिस, शाळा, सगळं. दुसरा टप्पा, मी सध्या मुख्यतः झोप न येणाऱ्या लोकांबरोबर काम करते आणि तेही गोळ्या न देता (गोळ्या देणं आमच्या अधिकारातच नाही, ते डॉक्टरांचं काम). इथे मात्र समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो. कारण घरोघरी कोणीतरी असतंच ना, रात्री दोनला उठून बसणारी आई, नाहीतर मोबाईल बघत तीन वाजवणारा भाऊ, नाहीतर तो माणूस स्वतःच.

हल्ली बीओटीएच (ओटीची पदवी) करणारी मुलं-मुली विचारतात की ओटी करून झोपेच्या क्षेत्रात कसं जायचं, त्यासाठी परत सायकॉलॉजी करावं लागतं का, म्हणून एकदा सगळं सलग लिहून काढतेय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. झोप ही रात्रीची गोष्ट वाटते पण ती ठरते दिवसभरात, आणि माणसाचा अख्खा दिवस उलगडून बघायचं ट्रेनिंग आमच्याइतकं दुसऱ्या कोणाला क्वचितच मिळतं, त्यामुळे हे काम आमचं आहे आणि आम्ही ते हक्काने मागून घ्यायला हवं.

आमच्या व्यवसायाच्या पायातच झोप आहे. ॲडॉल्फ मेयर म्हणून मानसोपचारतज्ज्ञ होते, जन्माने स्विस, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला काम करायचे. १९२२ मध्ये त्यांचा ऑक्युपेशन थेरपीच्या तत्त्वज्ञानावरचा लेख आला, त्यात त्यांनी माणसाच्या आयुष्याच्या लयीत चार मोठ्या गोष्टी मोजल्या, काम, खेळ, विश्रांती आणि झोप. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी सांगून ठेवलंय. आपल्याकडे कमला निंबकरांनी (मूळच्या अमेरिकन, लग्न करून इथल्या झालेल्या) १९५० साली परळला केईएममध्ये भारतातलं पहिलं ओटी स्कूल सुरू केलं, तेव्हापासून आपण पोलिओ, अपघात, लकवा, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम सगळ्यात काम केलं. झोप मात्र मागे पडली. अमेरिकन ओटी असोसिएशनच्या प्रॅक्टिस फ्रेमवर्कच्या २००२ च्या आवृत्तीत झोप ही एडीएलच्या, म्हणजे अंघोळ-कपडे अशा रोजच्या कामांच्या, यादीतली एक नोंद होती, २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत विश्रांती आणि झोप हे स्वतंत्र क्षेत्र झालं. मी शिकले तेव्हा आमच्या असेसमेंट फॉर्मवर झोपेला एक ओळ होती, आणि त्या ओळीत बहुतेक वेळा "नॉर्मल" असं लिहिलेलं असायचं.

माझी सुरुवात स्ट्रोकच्या पेशंटपासून झाली. हात उघडत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, ताटातला घास तोंडापर्यंत जात नाही, हे आमचं रोजचं. पण मला सतत एक गोष्ट दिसायची, पेशंट सेशनमध्ये पेंगतोय. पेग बोर्ड (भोकांत खुंट्या बसवायची पाटी) समोर ठेवलाय, नातेवाईक म्हणतायत "बाबा, करा ना, मॅडम थांबल्यायत" आणि बाबांची मान खाली. सगळ्यांचा समज असा की स्ट्रोकमुळे सुस्ती आहे, इच्छाच उरली नाही. मी विचारायला लागले की रात्री काय होतं. तर रात्री वॉर्डात ट्यूबलाइट चालू, शेजारच्या बेडवर मॉनिटर वाजतोय, बेडसोअर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, पहाटे रक्त घ्यायला येतात, आणि मग दिवसभर पेशंट पडद्याआड अंधारात झोपून. घरी गेल्यावरही तेच चक्र चालू राहतं कारण घरचे म्हणतात झोपू द्या, आजारी माणूस आहे. आणि या सगळ्याखाली अजून एक गोष्ट असते जी आम्ही विचारतच नव्हतो, घोरणं. स्ट्रोक झालेल्या निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये स्लीप ॲप्निया सापडतो, म्हणजे झोपेत श्वास अडकतो, ऑक्सिजन खाली जातो, मेंदू परत परत अर्धवट जागा होतो. असा माणूस सकाळी दहाला पेग बोर्ड करेल कसा?

त्यातल्या काही जणांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, स्लीप स्टडी (झोपेत श्वास वगैरे मोजणारी तपासणी) झाली, सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) आलं, आणि पंधरा दिवसांनी मशीन कपाटावर. का, तर मास्कचा पट्टा एका हाताने लावता येत नाही! रात्री बाथरूमला उठलं की मास्क काढायचा, परत लावायचा तर बायकोला उठवायचं, दोन-तीनदा उठवलं की चौथ्यांदा माणूस लाजेने उठवतच नाही. हे ऐकल्यावर मला जाणवलं की हा प्रश्न तर शंभर टक्के माझ्या कामाचा आहे. स्प्लिंट बनवताना वेल्क्रो आम्ही रोजच कापतो. पट्ट्याच्या टोकाला बोट अडकेल असा लूप शिवला, मशीन चांगल्या हाताच्या बाजूला ठेवलं, मास्क दिवसा टीव्ही बघताना थोडा थोडा वेळ लावून चेहऱ्याला सवय केली, मग रात्री. बऱ्याच जणांचं मशीन कपाटावरून खाली आलं. आणि सेशनमध्ये डोळे उघडे!

तिथून माझं लक्ष वळलं ते वळलंच. पेशंटपेक्षा जास्त जागणारी माणसं मला दिसायला लागली, ती म्हणजे त्यांची काळजी घेणारी. पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या मुलाची आई, जी रात्रभर अलार्म लावून त्याची कूस बदलते, तिला विचारलं की दिवसा झोपता का, तर म्हणाली आता वेळ मिळाला तरी डोळा लागत नाही. मुलगा बरा होऊन कॉलेजला जायला लागला तरी आई जागीच. हे का होतं, कारण निघून गेलं तरी निद्रानाश का राहतो, या प्रश्नामागे लागून मी वाचायला सुरुवात केली.

याचं उत्तर मला आर्थर स्पीलमन यांच्या मॉडेलमध्ये मिळालं. न्यूयॉर्कचे हे मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९८७ मध्ये निद्रानाश तीन थरांत मांडला. मुळातला कल, म्हणजे काही माणसं जात्याच हलक्या झोपेची, काळजी करणारी. मग सुरुवात करून देणारं कारण, आजारपण, बाळंतपण, नोकरी जाणं, घरातला मृत्यू. आणि तिसरं, त्याला टिकवून धरणाऱ्या सवयी, म्हणजे झोप येत नाही म्हणून माणूस लवकर आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी भरपाई करतो, बाहेर जाणं टाळतो, संध्याकाळी सहापासून आज झोप येईल का या विचारात असतो. कारण संपतं, सवयी राहतात. मी वाचता वाचता थांबले, कारण त्या तिसऱ्या थरात जे जे लिहिलंय ते सगळं रोजच्या दिनक्रमातलं आहे, वेळेचा वापर, जागेचा वापर, कामं, भूमिका. ओटीच्या पुस्तकातले धडे आहेत हे!

मग पुढचं वाचलं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं स्टिम्युलस कंट्रोल, म्हणजे अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप आली तरच आडवं व्हायचं, बराच वेळ झोप लागली नाही तर उठून बाहेर यायचं, उठायची वेळ रोज एकच. स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची स्लीप रिस्ट्रिक्शन, म्हणजे अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करणं. हे दोन, त्याबरोबर झोपेबद्दलचे घाबरवणारे विचार तपासणं आणि शरीर सैल करायच्या पद्धती, असं मिळून सीबीटी-आय (निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) होतं, साधारण सहा ते आठ सेशनचं. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांच्या जुनाट निद्रानाशात पहिला उपचार हाच द्यावा, गोळी नंतर. युरोपच्या गाइडलाइन्सही हेच सांगतात. जुनाट म्हणजे आठवड्यात निदान तीन रात्री, तीन महिने किंवा जास्त. आपल्याकडे मात्र क्रम उलटा आहे, गोळी पहिली आणि बऱ्याचदा शेवटचीही, कारण गावात-शहरात हे शिकवणारा माणूसच नाही. डॉक्टरांना दोष देऊन काय उपयोग, ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलीयत, त्यांनी पाठवायचं कोणाकडे?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. व्हॉट्सॲपवर फिरतात त्या झोपेच्या टिप्स म्हणजे हा उपचार नव्हे. जायफळ घातलेलं दूध, तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासणं, मोबाईल लांब ठेवणं, या गोष्टी छान आहेत, माझी आजी वाटी घासून द्यायची आणि मला ते फार आवडायचं, जरूर करा. पण महिनोन्महिने न झोपलेल्या माणसाला नुसत्या स्लीप हायजीनच्या टिप्स देऊन भागत नाही, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२१ च्या गाइडलाइनमध्ये तो एकटा उपचार म्हणून देऊ नये असं म्हटलंय. उलट अशा माणसाला वाटतं मी सगळं केलं तरी झोप नाही, म्हणजे माझं काहीतरी कायमचं बिघडलंय.

आपल्याकडे म्हणतात ना, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. भूक कडकडून असेल तर कोंडाही गोड लागतो आणि झोप अनावर असेल तर दगडावरही लागते. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये झोपेचं जे दोन प्रक्रियांचं मॉडेल मांडलं त्यातली पहिली प्रक्रिया हीच, जागेपणाच्या प्रत्येक तासाबरोबर झोपेची भूक वाढत जाते, आणि दुसरी म्हणजे शरीराचं घड्याळ, जे उजेड-अंधारावर चालतं. दुपारी दोन तास झोपलं की ती भूक तिथेच अर्धी भागते. चहा-कॉफीतलं कॅफिन भूक झाकून ठेवतं, आणि ते शरीरातून निम्मं जायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातचा तो कडक चहा रात्री बारालाही निम्मा आत आहे. पेशंटना मी ग्राफ वगैरे दाखवतच नाही, ही म्हण सांगते, आणि आजी-आजोबा लगेच मान डोलावतात.

आता स्लीप रिस्ट्रिक्शनचं उदाहरण देते, कारण याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. समजा बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत (माझ्याकडच्या बऱ्याच जणांना मिळून एक करून सांगतेय). रात्री दहाला आडवे, सकाळी सातला उठणार, म्हणजे अंथरुणात नऊ तास. दोन आठवडे झोपेची डायरी भरली तर प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तास. साडेपाच भागिले नऊ, म्हणजे स्लीप एफिशियन्सी ६१ टक्के. बाकीचे साडेतीन तास रोज ते पलंगावर पडून छताकडे बघत त्रास करून घेतायत, म्हणजे पलंग हीच त्यांच्यासाठी काळजी करायची जागा झालीय. मग आपण सांगतो, काका, आता अंथरुणात साडेपाचच तास, साडेबारा ते सहा. काका म्हणतात, अहो आधीच झोप नाही आणि तुम्ही अजून कमी करताय? पण झोपेची भूक साठते, तुकडे जुळून सलग झोप होते, एफिशियन्सी ८५-९० टक्क्यांच्या वर टिकली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवत न्यायची. पाच तासांच्या खाली सहसा जायचं नाही. आणि हे सरसकट सगळ्यांना देता येत नाही, बायपोलर आजार असेल, फिट्स येत असतील तर कमी झोपेने आजार उफाळू शकतो, रिक्षा-टॅक्सी-ट्रक चालवणारा असेल तर पहिल्या दिवसांत दिवसा झापड येते आणि ते जिवावरचं आहे. म्हणून हे यूट्यूब बघून स्वतःच करू नका, मनापासून सांगतेय.

पुस्तकात लिहिलेलं असतं की साडेबारापर्यंत जागं राहा. एवढंच. पण कसं? सत्तर वर्षांचा माणूस, बायको दहाला झोपलेली, हॉलमधला दिवा लावला तर तिला त्रास, टीव्ही लावला तर सोफ्यावर साडेदहालाच डोळा लागणार आणि सगळं मुसळ केरात. इथे ओटीचं खरं काम सुरू होतं. रात्री दहा ते साडेबारा हे अडीच तास आणि सकाळी सहा ते आठ हे दोन तास, हे कशाने भरायचे? काकांना काय आवडायचं, रिटायर झाल्यावर काय सुटलं? आपण त्याला ॲक्टिव्हिटी प्रोफाइल म्हणतो, पहिल्या वर्षापासून करतो. कोणी जुन्या फोटोंचे अल्बम लावतं, कोणी सोसायटीचे हिशेब उभं राहून करतं, कोणी दुसऱ्या दिवसाची भाजी निवडून ठेवतं. सकाळचं तर त्याहून महत्त्वाचं, कारण सहाला उठून जायला जागा नसेल तर माणूस परत आडवा होतो. नाना-नानी पार्कातला ग्रुप, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, दूध आणणं, असं काहीतरी ज्यात कोणीतरी आपली वाट बघतंय, आणि बरोबर सकाळचा उजेड डोळ्यांत जातो तो वेगळा फायदा. रिटायरमेंटनंतर बिघडलेल्या झोपेत मला नेहमी हाच धागा दिसतो, उठायला कारणच उरलेलं नसतं.

सगळ्यात जास्त शिकवलं मला घरांनी. ओटीला होम व्हिजिटची सवय असते आणि झोपेच्या कामात मी ती सोडली नाही. स्टिम्युलस कंट्रोलमध्ये वाक्य आहे, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० स्क्वेअर फुटांची. दुसरी खोली आणायची कुठून? एक मावशी होत्या अशाच एका चाळीतल्या, खोलीत पाच माणसं, मुलगा सेकंड शिफ्टचा, रात्री साडेअकराला येऊन जेवणार, सून पहाटे डबे करायला उठणार, आणि मावशी मधल्या वेळेत दिवाणावर पडून. दिवसभर त्याच दिवाणावर भाजी निवडणं, टीव्ही, पाहुणे, पोथी, दुपारची झोप, कंबर दुखली की पडणं. मी पहिल्यांदा नुसतं बघत बसले आणि मग लक्षात आलं की उत्तर तर घरातच होतं, पोटमाळ्यावर गुंडाळून ठेवलेली गादी. जमिनीवर घालायची गादी म्हणजे स्टिम्युलस कंट्रोलसाठी किती उत्तम व्यवस्था आहे बघा, दिवसा ती नसतेच! झोपायच्या वेळी घालायची, उठलं की गुंडाळायची. दिवाण दिवसाचा, गादी रात्रीची. एकाच खोलीत दोन जागा झाल्या. (गुडघे दुखणाऱ्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी दिवाणावरच वेगळी चादर, दिवसाची काढून रात्रीची घालायची, तेवढाही फरक पुरतो.)

आणि मध्यरात्री झोप मोडली तर? गादीवरून उठून दाराशी चटईवर बसायचं, गॅलरीतल्या दिव्याचा उजेड पुरे. बसून करायचं काय हे ठरवायला ॲक्टिव्हिटी ॲनालिसिस लागतं. मंद उजेडात जमलं पाहिजे, आवाज नको, धारदार वस्तू नको, डोक्याला ताण नको पण हात गुंतले पाहिजेत, अर्धवट सोडून उठता आलं पाहिजे, आणि पूर्ण करायची घाई लागता कामा नये. विळीवर काही चिरणं बाद, शेंगा फोडणं आवाजामुळे बाद, मोबाईल तर बादच. मावशींनीच सुचवलं, वाती वळू का? मला इतका आनंद झाला. कापूस मऊ, हाताची सारखी लय, उजेड नसला तरी बोटांना कळतं, आणि पेंग आली की पिशवीत टाकून गादीवर जायचं. त्यांच्या जपाच्या माळेपेक्षा वाती जास्त उपयोगी पडल्या, कारण माळेत त्या मोजायला लागायच्या आणि मोजलं की अजून किती राहिले हा विचार सुरू. काही आठवड्यांनी झोप सुधारली, सगळी नाही, पण पडून तळमळणं गेलं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे रात्रीची भीती गेली. चाळीतल्या देवळाला वातींचा तुटवडा नाही हे वेगळंच.

याच्या अगदी उलट प्रश्न ठाण्या-पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये असतो. खोल्या आहेत, पण मुलगा-मुलगी लॅपटॉप घेऊन दिवसभर बेडवर, कॉल बेडवर, जेवण बेडवर, आणि रात्री म्हणतात की बेडवर पडलं की डोकं चालू होतं. होणारच ना, दिवसभर तिथेच तर चालवलंय. तिथे टेबल-खुर्ची हाच उपचाराचा पहिला भाग. यावर फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीय, फक्त करत नाहीत.

मुलांचं सांगते. ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या मुलांच्या आया झोपेची तक्रार पहिल्या पाच मिनिटांत करतात आणि आपण सेन्सरी इंटिग्रेशनकडे (स्पर्श, आवाज, हालचाल यांच्या संवेदनांवरची थेरपी) वळतो. मुंबईत एक गोष्ट मी परत परत बघितली, वडील रात्री दहाला विरार-कर्जत-पनवेल कुठून तरी घरी पोचतात, दार वाजतं आणि झोपायला आलेलं पोर टक्क जागं होतं, बाबा आले! मग दंगा, उचलून फिरवणं, दिवे, टीव्ही, बारा वाजतात. बाबांना सांगायचं का की पोराशी खेळू नका? मला ते कधीच पटलं नाही, दिवसातला तेवढाच तर वेळ असतो त्यांचा. आम्ही उठायची वेळ पक्की केली आणि बाबांचा वेळ सकाळी आणला, अंघोळ आणि नाश्ता बाबांबरोबर, त्याचं चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर, रात्री बाबा येतात तेव्हा घरात फक्त छोटा दिवा आणि बाबांचं काम एकच, चादर घट्ट गुंडाळून पाठीवरून हात फिरवायचा. सगळ्या घरांत जमलं असं नाही. जिथे आजी-आजोबांनी साथ दिली तिथे पटकन जमलं.

शिफ्टवाल्यांचं सगळ्यात अवघड. सिस्टर, वॉचमन, कॉल सेंटर, पोलीस. २०१७ चं वैद्यकातलं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना शरीरातल्या घड्याळाच्या यंत्रणेवरच्या कामासाठी मिळालं, पेशीपेशीत हे घड्याळ आहे, ते नुसत्या निश्चयाने उलटं फिरत नाही. नाइट संपवून निघताना गॉगल, घरी खिडकीला जाड पडदा, शक्य असेल तर नाइट आणि सुट्टी दोन्हींत सामायिक असे निदान काही तास झोपेचे, एवढं करता येतं. पण बारा-बारा तासांची ड्युटी आणि दर आठवड्याला बदलती शिफ्ट असेल तर त्या माणसाला डायरी भरायला सांगून प्रश्न सुटत नाही, ड्युटी लावणाऱ्याशी बोलावं लागतं. काही ठिकाणी मी बोलले, थोडं ऐकलं गेलं, बरंच नाही. हे काम कोणीतरी मोठ्या प्रमाणावर हातात घ्यायला हवं असं मला फार वाटतं.

आता शिकणाऱ्यांसाठी. सायकॉलॉजीची डिग्री परत घेतली नाही मी. वाचलं, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत मायकल पर्लिस आणि त्यांचे सहकारी सीबीटी-आयचे कोर्स घेतात तसे कोर्स केले, आणि मुख्य म्हणजे एका मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली केसेस केल्या. कोर्सने पद्धत कळते, देखरेखीने कुठे थांबायचं ते कळतं, दुसऱ्याशिवाय पहिलं करू नका. मोजायला इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्स वापरते, सात प्रश्न, २८ पैकी गुण, दिवसाची झापड बघायला एपवर्थ स्केल, २४ पैकी दहाच्या वर गेलं की मी थबकते. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबणं, सकाळी डोकं दुखणं असेल तर आधी स्लीप स्टडी. पायांत संध्याकाळी वळवळ, झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, तर न्यूरोलॉजिस्ट. जगावंसं वाटत नाही असं कोणी म्हणालं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, झोपेचं सगळं बाजूला. आणि चालू असलेली झोपेची गोळी आपण सांगून कोणी बंद करायची नाही, अचानक बंद केली तर काही गोळ्यांनी फिट्ससुद्धा येऊ शकतात, ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात, आपण त्या काळात दिनक्रम सांभाळायचा.

पैशांचं विचारलं जातं म्हणून, सुरुवातीला कठीण गेलं. "नुसतं बोलायचे पैसे?" हे ऐकावं लागतं. मशीन नाही, मालिश नाही, गोळी नाही, आणि वर तुम्हीच त्यांना अर्ध्या रात्री जागं ठेवताय. मी न्यूरोची प्रॅक्टिस सोडली नव्हती, त्यावर घर चालत होतं, झोपेच्या केसेस हळूहळू वाढल्या, बहुतेक बऱ्या झालेल्या पेशंटच्या बहिणी आणि विहिणी.

सध्या माझा जीव एका छोट्या गोष्टीत अडकलाय. २०१२ मध्ये तज्ज्ञांनी मिळून एक सामायिक झोपेची डायरी तयार केली, चांगली आहे, पण ती लिहिता-वाचता येणाऱ्या, मिनिटांत विचार करणाऱ्या माणसाची आहे. माझ्याकडच्या कितीतरी बायका म्हणतात, घड्याळ कोण बघतंय, नळाला पाणी आलं तेव्हा उठले. म्हणून मी एक पट्टी केलीय, चोवीस चौकोनांची, वर पाण्याची वेळ, अजान, मालिका, डबे, पहिली गाडी अशी त्यांच्या घरातली खुणेची चित्रं, आणि खाली टिकल्या चिकटवायच्या, काळी झोपेची, लाल चहाची, हिरवी नुसतं पडून राहिल्याची. टिकल्यांचं पाकीट घरात असतंच, आणि नात मदत करते. पट्टी मध्यरात्रीपासून सुरू केली तर रात्र मधोमध तुटत होती, आता दुपारी बारापासून सुरू होते. रात्रपाळीवाल्यांसाठी तीही चालत नाही, त्यांची पट्टी संध्याकाळी सहापासून करून बघतेय. कोणी ओटी विद्यार्थी आपल्या भागातल्या खुणा घालून, शेतावरच्या घरासाठी, ऊसतोडीच्या टोळीसाठी, मासे उतरवणाऱ्या बायकांसाठी करून बघणार असेल तर जरूर करा आणि मला दाखवा, हिरव्या टिकल्या कुठे जास्त पडतायत तेवढं आधी बघा.